जनाची आणि मनाची



"जनाची नाही तर मनाची तरी लाज धर" ही म्हण लहानपणी कानावर पडली नाही असे आपल्यात क्वचितच कोणी असेल. माझी आई ती दिवसातून दोनदा तरी वापरीत असे. एकदा धाकट्या भावाला, आणि एकदा मला. म्हणीत दोन लाजा आहेत. लोक काय म्हणतील ही पहिली आणि आपले मन आपल्याला काय म्हणेल ही दुसरी. पहिलीला आपण अब्रू, लौकिक, नाव असे म्हणतो. दुसरीला सचोटी म्हणतो. सुखाच्या दिवसांत या दोघी सख्ख्या बहिणींसारख्या एका घरात नांदतात. पण दोघींचे भांडण जुंपले, एकीला राखायचे तर दुसरीला घराबाहेर काढावे लागणार असे झाले, म्हणजे माणसाने काय करावे? म्हण एवढे सांगत नाही. नाटके मात्र सांगतात, आणि आज अशाच एका नाटकाची आणि त्यामागच्या खऱ्या माणसाची हकीकत लिहिण्याचा विचार आहे.

नर्सची नोकरी संपवून मी हल्ली बर्लिनला मुलीकडे असते. येथे बेबेलप्लाट्झ नावाचा एक मोठा चौक आहे. १० मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी या चौकात हजारो पुस्तकांची होळी केली. आज तेथे जमिनीत एक काच बसवलेली आहे. खाली वाकून पाहिले की एक पांढरी खोली दिसते आणि खोलीभर रिकाम्या फळ्या. वीस हजार पुस्तके मावतील एवढ्या फळ्या, आणि एकही पुस्तक नाही. मिखा उलमान या इस्रायली शिल्पकाराने हे स्मारक केले. १९९५ साली ते पुरे झाले. माझ्या नातीने काचेला नाक लावून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "आजी, जळलेली पुस्तके परत मिळतात का गं?"

मी म्हटले, "एखादे मिळते." आणि मला उरिएल अकोस्टाची आठवण झाली.

उरिएलचा जन्म पोर्तुगालमधील पोर्तो शहरात १५८५ च्या सुमारास झाला. त्याचे पाळण्यातले नाव गॅब्रिएल. घराणे मूळचे ज्यू, पण बळजबरीने ख्रिस्ती झालेले. बाप तर श्रद्धाळू कॅथलिक. गॅब्रिएल कोइम्ब्रा येथे धर्मशास्त्राचा कायदा शिकला आणि चर्चमध्ये खजिनदाराच्या जागेवर लागला. पगार, मान, घर, सगळे होते. परंतु मन लागेना. तो तोराह वाचू लागला आणि आपल्या वाडवडिलांचाच धर्म खरा अशी त्याची खात्री झाली. पोर्तुगालमध्ये ही खात्री बोलून दाखवणे म्हणजे इन्क्विझिशनच्या हाती जाणे. तेव्हा त्याने नोकरी सोडली, घर सोडले आणि आई व भावांना घेऊन तो जहाजाने पळाला. १६१५ च्या आसपास ही मंडळी ॲमस्टरडॅमला पोचली. तेथे गॅब्रिएलचा उरिएल झाला. पुढची काही वर्षे त्याने हँबुर्गलाही काढली.

पुस्तकात वाचलेला धर्म आणि समाजात चाललेला धर्म यांत त्याला फरक दिसला. मोशेच्या ग्रंथात नाही ते पाळायचे कशाला, असे तो विचारू लागला. आत्मा अमर आहे हे तोराहमध्ये कोठे लिहिले आहे, असेही त्याने विचारले. १६१८ साली व्हेनिसमध्ये आणि १६२३ साली ॲमस्टरडॅममध्ये त्याच्यावर हेरेम पुकारण्यात आला. हेरेम म्हणजे आपल्या कोकणातल्या बोलीत वाळीत टाकणे. त्याच्याशी बोलायचे नाही, व्यवहार करायचा नाही, एका छपराखाली बसायचे नाही. १६२४ साली त्याने आपले म्हणणे पोर्तुगीज भाषेत छापून काढले. शहराच्या अधिकाऱ्यांनी त्याला अटक केली, दंड केला आणि पुस्तके जाळली.

१६३३ साली एकटेपणाला कंटाळून त्याने माघार घेतली. पण मनातून तो बदलला नव्हता. पुन्हा तक्रारी झाल्या, पुन्हा हेरेम. हा दुसरा बहिष्कार सुमारे सात वर्षे चालला. १६४० साली तो दुसऱ्यांदा शरण गेला. भरल्या सिनेगॉगमध्ये त्याला आपल्या चुकांचा कबुलीजबाब वाचावा लागला. कमरेपर्यंत उघडे करून खांबाला बांधून एकोणचाळीस फटके मारण्यात आले. मग त्याला उंबरठ्यावर आडवे पडावे लागले आणि बाहेर जाणारे सर्वजण, म्हातारेकोतारे आणि पोरेसुद्धा, त्याला ओलांडून गेले. हे सारे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. ते लिहून झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याने आपला जीव दिला. ते लिखाण १६८७ साली छापून आले.

आता त्या समाजाची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर आपण न्याय केला असे होणार नाही. ॲमस्टरडॅमचे ते ज्यू कोण होते? इन्क्विझिशनच्या आगीतून वाचलेले निर्वासित. ज्या शहराने त्यांना थारा दिला तेथील ख्रिस्ती सत्तेलाही आत्म्याचे अमरत्व नाकारणारा माणूस खपणारा नव्हता. एका उरिएलमुळे साऱ्या समाजाच्या नावाला बट्टा लागेल आणि उद्या गाशा गुंडाळावा लागेल, ही भीती पोकळ नव्हती. लहान समाजाला आपले नाव जपावेच लागते. आपल्याही वाडवडिलांना कोकणच्या गावांत मुकादमाचा शब्द मानावा लागे, तो याच कारणाने. म्हणून मी त्या रब्बींना दुष्ट म्हणत नाही. पण लौकिक राखण्यासाठी त्यांनी एका माणसाच्या तोंडून खोटे वदवून घेतले, आणि ते खोटे आहे हे वदवणाऱ्यांनाही ठाऊक होते. माझ्या मते दोष येथे आहे.

या हकीकतीचे नाटक केले ते एका बर्लिनकराने. कार्ल गुट्स्को १८११ साली बर्लिनमध्ये जन्मला. तो ज्यू नव्हता. बाप राजघराण्याच्या तबेल्यात मोतद्दार होता. मुलगा हुशार निघाला आणि बर्लिन विद्यापीठात शिकला. हे विद्यापीठ बेबेलप्लाट्झच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे आहे. १८३५ साली त्याच्या एका कादंबरीवर धर्मनिंदेचा आरोप आला. त्याला मानहाइम येथे महिनाभर कैद भोगावी लागली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जर्मन संस्थानांच्या परिषदेने त्याच्यासकट काही लेखकांच्या लिखाणावर बंदी घातली. त्यात कवी हाइने हेही होते. उरिएलवर गुट्स्कोने आधीच, १८३४ साली, एक कथा लिहिली होती. मग कैद, बंदी आणि लोकनिंदा यांतून गेल्यावर त्याने तोच विषय पुन्हा हाती घेतला. 'उरिएल अकोस्टा' हे पाच अंकी शोकनाटक डिसेंबर १८४६ मध्ये ड्रेस्डेनला प्रथम रंगमंचावर आले.

नाटककाराने इतिहासात बरेच फेरफार केले आहेत. खऱ्या उरिएलची आई १६२८ सालीच वारली होती. नाटकात ती आंधळी, म्हातारी आणि जिवंत आहे. नाटकात ज्युडिथ नावाची एका धनिकाची मुलगी आहे, तिचे उरिएलवर प्रेम आहे, आणि बेन जोखाई नावाचा प्रतिस्पर्धी आहे. पण दोन प्रसंग असे आहेत की त्यांसाठी सारे फेरफार माफ करावेत.

पहिला प्रसंग दुसऱ्या अंकातला. उरिएलचे पुस्तक तपासण्याचे काम डा सिल्वा या वैद्याकडे आले आहे. तो भला माणूस आहे. उरिएलला वाचवण्यासाठी तो पळवाट काढतो. हा ख्रिस्ती म्हणून वाढलेला, हे लिहिणारा ज्यू नव्हेच, मग त्याला हेरेम लागू कसा होईल? उरिएलने नुसते गप्प राहायचे होते. तो गप्प राहत नाही. मी ज्यू आहे, माझ्या लोकांचे दुःख ते माझे दुःख, असे सांगून तो शाप आपल्या अंगावर ओढून घेतो. ज्या समाजाशी त्याचा वाद आहे त्याच समाजातून फुकट सुटका मिळत असता तो ती नाकारतो.

दुसरा प्रसंग माघारीचा. फटक्यांना किंवा दारिद्र्याला उरिएल भीत नाही. तो नमतो तो मायेपुढे. आंधळी आई, भावांचे बुडालेले भवितव्य, ज्युडिथचे आयुष्य, हे सगळे त्याच्याभोवती उभे राहते आणि तो स्वतःला समजावतो की माझ्या एका खोट्या शब्दाने इतक्यांचे भले होणार असेल तर तो शब्द मी बोलेन. तो बोलतो. आणि बोलून झाल्यावर कळते की आई आधीच वारली, आणि दिवाळखोरीच्या काठावर आलेल्या बापाला वाचवण्यासाठी ज्युडिथ दुसऱ्याची वाग्दत्त वधू झाली. ज्यांच्यासाठी मन विकले तेच हातून गेले. तेव्हा तो उठतो आणि आपली माघार तेथेच, सर्वांसमक्ष, मागे घेतो. शेवटी ज्युडिथ विष घेते आणि उरिएल स्वतःवर पिस्तूल झाडतो.

शाळेत आमच्या मराठीच्या बाईंनी देवलांचे 'झुंझारराव' शिकवताना सांगितले होते की हे शेक्सपीयरच्या 'अथेल्लो'चे मराठी रूप आहे. पुढे मी मूळ नाटक वाचले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. त्यात लौकिकावर सर्वात सुंदर भाषण करतो तो खलनायक. नोकरी गेलेल्या कॅसिओला तोच यागो म्हणतो की नावलौकिक ही फुकाची गोष्ट आहे, आणि थोड्या वेळाने अथेल्लोला पटवतो की नाव गेले की सर्वस्व गेले. अब्रू हे असे चलन आहे की ज्याला जसे हवे तसे त्याने ते मोडून घ्यावे. अथेल्लो जगाच्या तोंडाकडे पाहत राहिला, घरातल्या बायकोच्या तोंडाकडे त्याने पाहिले नाही, आणि फसला. उरिएलचे उलट आहे. त्याला जगाची पर्वा नव्हती. त्याच्यावर दडपण आले ते घरच्यांच्या प्रेमाचे. आपल्यासारख्या कुटुंबवत्सल लोकांना हे दुसरे दडपण अधिक ओळखीचे आहे.

नाटकात बेन अकिबा नावाचा एक अतिवृद्ध रब्बी आहे. जगात नवे काही नाही, सगळे पूर्वी होऊन गेलेले आहे, अशा अर्थाचे त्याचे पालुपद जर्मन भाषेत म्हणीसारखे रूढ झाले आहे. कोहेलेतचा ग्रंथ वाचलेल्यांना ते नवीन वाटणार नाही. बर्लिनमध्ये राहून मला मात्र त्या म्हाताऱ्याचे म्हणणे वारंवार पटते. १९२६ साली रशिया सोडून आलेल्या हबिमा या हिब्रू नाटक मंडळीने १९३० साली याच बर्लिनमध्ये 'उरिएल अकोस्टा' हिब्रूत बसवले. दिग्दर्शन ग्रॅनोव्स्की यांचे, संगीत कारोल राटहाउस यांचे. दुसऱ्या वर्षी मंडळी कायमची तेल अवीवला गेली. तीच पुढे १९५८ साली इस्रायलचे राष्ट्रीय नाट्यगृह ठरली. येथे मागे राहिलेल्यांचे काय झाले ते सर्वांना माहीत आहे.

त्या काळात बर्लिनमध्ये योआखिम गॉटशाल्क नावाचा एक नट होता. रंगभूमीवर होता, सिनेमात तर फारच लोकप्रिय. त्याची बायको ज्यू. घटस्फोटाच्या कागदावर सही कर, म्हणजे तुझे नाव, तुझे काम, सारे सुरक्षित राहील, असा त्याच्यावर दबाव आला. त्याने सही केली नाही. त्याचे काम बंद झाले. नोव्हेंबर १९४१ मध्ये बायको आणि लहान मुलासह त्याने जीवनाचा शेवट केला. १९४७ साली या हकीकतीवर निघालेला चित्रपट विभागलेल्या बर्लिनच्या चारही भागांत एकाच दिवशी दाखवण्यात आला. गुट्स्कोच्या नायकाने आधी खोटे बोलून मग सत्य सांगितले. या नटाने खोटी सही मुळीच केली नाही.

सहीवरून आपल्या घरची गोष्ट आठवते. फेब्रुवारी १९६२ मध्ये मुख्य रब्बीमंडळाने विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना दिल्या की बेने इस्रायल वधूवरांच्या आईकडील पिढ्या शक्य तितक्या मागेपर्यंत तपासाव्यात. शंका राहिली तर शुद्धीकरणाची पाळी. १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक यरुशलायमेत ठिय्या देऊन बसले. माझे मामा त्यांत होते. मी तेव्हा मुंबईत पाच वर्षांची होते, पण मामांचे बोलणे पुढे पुष्कळदा ऐकले. कोणीतरी त्यांना समजावले होते की एवढासा विधी करून टाका, मुलांची लग्ने अडणार नाहीत. मामा म्हणाले, "जे आम्ही कधी सोडलेच नाही, त्यात पुन्हा शिरायचे कसे?" १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायल सरकारने जाहीर केले की बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत. त्यानंतर त्या सूचनांतील शब्दही बदलण्यात आले. डा सिल्वाने उरिएलला सांगितले की तू ज्यू नाहीस, म्हणून सुटशील. मामांना सांगण्यात आले की तू ज्यू आहेस याबद्दल शंका आहे, म्हणून नमते घे. दोघांनी उत्तर एकच दिले. पण मामा एकटे नव्हते, शेजारी शेकडो माणसे बसली होती. उरिएलच्या शेजारी कोणी नव्हते. हा फरक विसरून मामांना शूर आणि उरिएलला दुबळा म्हणणे बरोबर होणार नाही.

आता स्वतःचेही सांगितले पाहिजे. आलिया करून मला फार वर्षे झाली नव्हती. एका इस्पितळात रात्रपाळीला एका रुग्णाला औषधाचा डोस दोनदा दिला गेला. कागदावरची नोंद वरच्यांनी अर्धवट लिहिली होती. सुदैवाने रुग्णाला काही झाले नाही. सकाळी मला एक कागद देण्यात आला: नोंद बरोबर होती, मी वाचण्यात चूक केली, असा मजकूर. वॉर्डचे नाव राहील, तुझी नोकरीही राहील, असे गोड शब्दांत सांगण्यात आले. घरी आई, बाबा, शिकणारा भाऊ. मी सही केली. मला समजूतदार मुलगी असा लौकिक मिळाला, आणि तो शेवटपर्यंत टिकला. कोणी मला फटके मारले नाहीत. पण कितीतरी वर्षे औषधाच्या नोंदीखाली सही करताना तो कागद डोळ्यांपुढे येई. पुढे मी स्वतः वॉर्डची प्रमुख झाले तेव्हा असाच एक कागद एका नव्या मुलीपुढे ठेवण्यात आला. मी तिला म्हटले, "बाई, जे घडले तेच लिही." त्यावरून पुष्कळ बोलणी खावी लागली. पण त्याने माझी पहिली सही पुसली गेली असे मी म्हणणार नाही.

नाटकाचा शेवट मात्र मला मानवत नाही. पडदा पडतो, प्रेक्षक डोळे पुसतात. मी जन्मभर माणसे जगवण्याचे काम केले; जीव देणे हे सचोटीचे प्रमाणपत्र आहे असे मला कधीच वाटणार नाही. नाटककारालाही ते पुरते पटले नसावे, कारण त्याने नाटकात एक लहान मुलगा फुले घेऊन हिंडताना दाखवला आहे. त्याचे नाव बारूख स्पिनोझा. खरा उरिएल गेला तेव्हा खरा बारूख त्याच शहरात सातआठ वर्षांचा होता. मोठेपणी, १६५६ साली, त्याच समाजाने त्याच्यावरही हेरेम पुकारला. त्याने माघार घेतली नाही आणि जीवही दिला नाही. गाव सोडले, भिंगे घासून पोट भरले, आणि लिहीत राहिला. १६७३ साली हायडेलबर्ग विद्यापीठाने प्राध्यापकाची मानाची जागा देऊ केली, तीही नाकारली. जनाची अब्रू गेली, मनाची राखली, आणि चव्वेचाळीस वर्षांचे आयुष्य प्रामाणिकपणे पार पाडले. उरिएलला दोनच दारे दिसली, वाकण्याचे आणि मरण्याचे. त्याच्या शोकांतिकेचे मूळ मला यात दिसते. तिसरे दार पुढच्या पिढीला सापडले, आणि ते सापडायला उरिएलचे दुःख उपयोगी पडले नसेल असे कोण म्हणेल?

राहता राहिले नातीच्या प्रश्नाचे उत्तर. १६२४ साली जाळलेल्या त्या पुस्तकाची एकही प्रत उरली नाही असेच साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ सर्व जाणकार समजत होते. १९९० साली कोपनहेगनच्या राजग्रंथालयात एक प्रत सापडली. कोणीतरी कधीतरी ती जपून ठेवली होती. मी हे सांगितल्यावर नात म्हणाली, "मग या फळ्यांवर एक तरी ठेवायला हवे ना, आजी?"

मी म्हटले, फळ्या रिकाम्याच बऱ्या. पण आपल्या मुलानातवंडांपुढे उद्या खोट्या सहीचा कागद येईल, घरच्यांच्या भल्यासाठी म्हणून येईल, तेव्हा त्यांच्या शेजारी बसायला आपल्यापैकी कोणीतरी असावे. माघार घेतली म्हणून त्यांना ओलांडून जाऊ नये, आणि घेतली नाही म्हणून एकटे टाकू नये. एवढे आपल्या समाजाकडून झाले तरी पुष्कळ.